वेल्डिंग करता येईल असं अंतराळयान

साहेबांनी आयुष्यभर टाक्या काढल्या. तेलाच्या टाक्या, आम्लाच्या टाक्या, वाफेचे बॉयलर. उभे, आडवे, पायांवर बसवलेले. बोईसरच्या ज्या कारखान्यात मी ड्रॉइंग काढायला लागले, तिथल्या ड्रॉइंग विभागाचे ते प्रमुख होते. उजव्या कानामागे कडक शिशाची पेन्सिल, डाव्या कानामागे मऊ. कॉम्प्युटर येऊन पंधरा वर्षं झाली होती तरी ते कागदावरच काढायचे आणि मग आम्ही पोरी ते कॉम्प्युटरवर चढवायचो. माणूस तऱ्हेवाईक होता हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मी खुर्चीवर बसले तर म्हणाले, "पाय जमिनीला टेकत नाहीत तुझे. खुर्ची साठ मिलिमीटर खाली घे." आणि खरंच साठच निघाले.

बाजारात तर त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे लाजेनं मान खाली घालणं. पापलेट हातात घेऊन ते कोळणीला सांगायचे, "मधोमध नको. इथून सेक्शन घे." आणि बोटानं रेघ ओढायचे. बाकीच्या कोळणी त्यांना हसायच्या. एक मात्र हसली नाही. चिंचणीची होती, नवरा बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, म्हणून सगळा बाजार तिला तांडेलीण म्हणायचा. तिनं कोयता उचलला आणि सरळ विचारलं, "सायब, जाडी किती ठेवू?"

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ. हिला कळतं." दोन वर्षांनी ते निवृत्त झाले आणि त्यांनी सिनेमा काढला, तेव्हा त्यातली नायिका म्हणून त्यांनी हिलाच का घेतली, हे मला कोणी सांगायची गरज पडली नाही.

हो, सिनेमा. निवृत्तीचा नारळ आणि शाल घेऊन घरी जाण्याऐवजी साहेब माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "रविवारी मोकळी असतेस ना? एक अंतराळयान काढायचंय." मला वाटलं, उन्हाचा परिणाम असेल. पण त्यांच्या बगलेत कागदांची सुरनळी होती आणि तिच्यात सव्वीस शीट होती. यान सिगारसारखं, शेपटाला तीन पंख, सगळीकडे रिव्हेट ठोकलेले, आत लोखंडी जिना, जिन्याला कठडा, टेलिव्हिजनला बटणं. शाळेत असताना साप्ताहिकांतली चित्रं बघून त्यांनी मनात जे भविष्य बांधलं होतं, ते हे. सिनेमाचं नाव 'गगनतांडेल'. पृथ्वीवरचे समुद्र चंद्रसम्राट चोरून नेतो आणि एक कोळीण यान घेऊन ते परत आणायला निघते, एवढीच गोष्ट.

"सेट कसे बांधणार?" मी विचारलं.

"बांधायचे कशाला? मी काढीन, तू कॉम्प्युटरवर उभे करशील, माणसं निळ्या भिंतीसमोर उभी राहतील. मागची भिंत कापून तिथं आपलं यान लावायचं. मी सगळं वाचलंय."

वाचलं होतं खरंच. पण एक अट होती, आणि तिनं माझ्या दीड वर्षाच्या रविवारांचा चुरा केला. ज्याला वेल्डिंग करता येणार नाही ते साहेब काढणार नाहीत. यान खोटं, कॉम्प्युटरमधलं, दोन हातांनी शिवता न येणारं. पण त्याच्या प्रत्येक पत्र्याची जाडी लिहिलेली, प्रत्येक सांध्यावर वेल्डिंगची खूण, दरवाज्याला गॅस्केट. यानाच्या तळाशी एक भोक दिसलं तेव्हा मी म्हटलं, "साहेब, हे कशाला?"

"पाणी निचरायला. पाऊस पडला तर?"

"अंतराळात?"

"उड्डाण बोईसरातून आहे ना?"

मी ते भोक कॉम्प्युटरवर काढलं. आत जाळीही बसवली.

एकदा तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कॉलनीतले त्यांचे एक निवृत्त मित्र चित्रं बघायला आले. शिकलेला माणूस, विज्ञान नसानसांत. ते म्हणाले, असे रिव्हेट मारलेलं यान वातावरणातून वर जाताना जळून जाईल. साहेबांनी चष्मा पुसला. "तुमच्या हिशेबात जळेल. हे माझ्या लहानपणचं भविष्य आहे. त्यात रिव्हेट जळत नाहीत." मित्र चहा पिऊन गेले. मला त्या दिवशी साहेबांचा इतका अभिमान वाटला की त्यांनी न मागता मी रिव्हेटच्या डोक्यांवर चमक आणली.

शूटिंग केलं पावसाळी बंदीत. जून-जुलैत बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात, मासेमारी बंद, कोळीवाड्यातल्या माणसांना थोडा वेळ असतो. औद्योगिक वसाहतीतला एक बंद गाळा मिळाला. नट कोण? तांडेलीण, तिच्या दोन जावा आणि आमच्या कारखान्यातले फिटर. चंद्रसम्राट झाला होता गोरखपूरकडचा एक फिटर. आवाज असा की हातोडी पडावी. त्याला मराठी संवाद जमेनात, तेव्हा साहेबांनी ते हिंदी करून टाकले. मी म्हटलं, चंद्रावर हिंदी? तर म्हणाले, "बोईसरात चालते, मग चंद्रावर का नाही?"

इंटरनेटवर सगळीकडे हिरवा पडदा सांगतात म्हणून मी पालघरहून चाळीस मीटर हिरवं कापड आणलं होतं. साहेबांनी त्याची घडी उलगडलीसुद्धा नाही. "हिरवं सगळं कापलं जाणार ना? मग तांडेलिणीच्या चुड्याचं काय?"

मी म्हटलं, शूटिंगपुरता काढून ठेवील.

"विचारून बघ."

मी विचारलं. तांडेलिणीनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी कापडाचा गठ्ठा उचलून घरी नेला. भिंत निळी रंगवली. अंतराळवीराचा पोशाख साहेबांनी कोपरापर्यंतच्या बाह्यांचा शिवून घेतला, कारण तिचं म्हणणं होतं, "हात मोकळे पायजेत, नाय तर मी काम कशी करू?" तर अशी आमची गगनतांडेल, छातीवर पितळी बटणं आणि डाव्या हातात काचेचा हिरवा चुडा. उजवा हात रिकामा. मला वाटायचं, उजव्या हातानं मासे कापायचे म्हणून घालत नसेल. विचारावं असं सुचलंही नाही.

आता माझी चूक सांगते. साहेबांच्या गोष्टीत ती टाळता येत नाही.

जुलैत चार दिवस साहेब पालघरला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. काचबिंदू होता. आम्हाला म्हणाले होते, "साधी तपासणी आहे." जाताना नियंत्रण कक्षाचं शीट माझ्या हातात देऊन म्हणाले, चाकाची दृश्यं तू घे. चाक म्हणजे यानाचा मोठा व्हॉल्व्ह, तेवढी एकच वस्तू आम्ही भंगारातून खरी आणली होती. गगनतांडेल ते फिरवते आणि यान वळतं, सिनेमाचा सगळा जीव त्या दृश्यात.

कागदावर वस्तूची बाजू दाखवायच्या दोन पद्धती असतात. एकीत डावीकडून दिसणारं चित्र उजवीकडे काढतात, दुसरीत ते डावीकडेच काढतात. साहेब पहिल्या पद्धतीचे. मी परदेशी ऑर्डरी करून करून दुसरीत मुरलेली. कोणती पद्धत आहे याची खूण शीटच्या कोपऱ्यात असते आणि ती बघणं हे आमच्या धंद्यातलं अ आ इ ई. मी बघितली नाही. चाक कप्तानाच्या खुर्चीच्या उजवीकडे हवं होतं, मी डावीकडे बसवलं. चार दिवस तांडेलिणीनं जीव तोडून काम केलं. तिसऱ्या दिवशी तिचा खांदा सुजला होता तरी तिनं चाक सोडलं नाही. आणि पाचव्या दिवशी, कॉम्प्युटरवर दृश्यं यानात बसवताना माझ्या लक्षात आलं की चाक नेमकं भिंतीत घुसतंय.

मी काय केलं? एक बटण दाबलं. सगळी दृश्यं आरशात बघावी तशी उलटवली. चाक डावीकडचं उजवीकडे आलं, यानात चपखल बसलं. कोणाला काही सांगितलं नाही. साहेबांनी नंतर ती दृश्यं बघितली, पडद्याला नाक लावून बघितली, रिव्हेट मोजले, "ठीक" म्हणाले आणि शीटवर तपासल्याची सही केली. मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांचं न दिसणं किती वाढलंय हे तेव्हाच कळायला हवं होतं, पण सुटलेल्या माणसाला दुसऱ्याचं काही दिसत नाही.

पहिला खेळ दिवाळीनंतर चिंचणीच्या समाज हॉलमध्ये ठरला. दुपारी तीनला. फिटर अर्धी रजा टाकून आले होते, चंद्रसम्राट इस्त्रीचा शर्ट घालून. दोन वाजता मी प्रोजेक्टर लावून बघत होते आणि नेमकं चाकाचंच दृश्य लावलं. तांडेलीण खुर्च्या मांडत होती. ती थांबली. पडद्याजवळ गेली. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं.

"ह्यो चुडा उजव्या हातात कोणी घातला?"

मी म्हटलं, अहो, ते कॉम्प्युटरवर जरा फिरवलंय.

"फिरवलंय?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "माझं माहेर वसईकडचं. लगीन झालं तवा ह्या हातातला चुडा आमी दर्याला दिला. नवऱ्याला सांभाळ म्हणून दिला. दिलेली वस्तू परत घेत्यात काय? माझा माणूस आज आठ दिवस दर्यावर हाय. आनि मी हिकडं ह्या हातात चुडा घालून पडद्यावर नाचू?"

साहेब मागच्या दारातून आत आले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते हळूहळू, खुर्च्यांना हात लावत लावत पुढे आले.

"तू उलटवलंस?" मला विचारलं.

"हो साहेब. चाक मी चुकीच्या बाजूला बसवलं होतं."

"तपासलं कोणी?"

मी प्रोजेक्टर बंद केला.

"तपासलं कोणी? शीटवर सही कोणाची आहे?"

"तुमची."

"मग झालं."

आमच्या ड्रॉइंग विभागाचा हा त्यांचाच कायदा होता. प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात दोन चौकटी, 'काढले' आणि 'तपासले'. काढणारा चुकणारच, तो माणूस आहे. चूक ज्यानं तपासलं त्याची. पंचवीस वर्षांत साहेबांनी एकाही काढणाऱ्याला वरच्या साहेबांपुढे उभं केलं नव्हतं. त्या दिवशी ते हॉलच्या दारात जाऊन उभे राहिले आणि जमलेल्या माणसांना म्हणाले, "ड्रॉइंगमध्ये चूक निघालीय. चूक माझी आहे. आज पिक्चर नाही." फिटरांमध्ये कोणी कुरकुर केली नाही. ड्रॉइंगमध्ये चूक असेल तर जॉब थांबतो, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. मी मात्र मागच्या खुर्चीवर बसून रडले. तांडेलिणीनं मला पाण्याचा तांब्या आणून दिला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या घरी गेले, नवापूरच्या रस्त्याला त्यांच्या दोन खोल्या होत्या. मी म्हटलं, पुढच्या बंदीत ती दृश्यं परत घेऊ.

"का? तिनं काम चोख केलंय. जॉब बिघडलेला नाही, ड्रॉइंग बिघडलंय. ज्याचं बिघडलं त्यानं दुरुस्त करायचं."

"मग सोपं आहे. तिची दृश्यं सरळ करते आणि नियंत्रण कक्षच उलटवते. दोन सेकंदांचं काम."

साहेबांनी टेबलाच्या खणातून एक जाड बोल्ट काढला आणि मला कपाटाच्या आरशासमोर धरायला सांगितला. "आटे कुठल्या बाजूला चढतायत?"

आरशातल्या बोल्टचे आटे डावे होते.

"डाव्या आट्यांचे बोल्ट. घड्याळाचे काटे उलटे. पाट्यांवरची अक्षरं उलटी. व्हॉल्व्ह उघडायचा तर बंद होईल. माझे फिटर बघणार आहेत हे."

"साहेब, कोणाला दिसणार नाही!"

"मला तर नाहीच दिसणार." ते शांतपणे म्हणाले. "म्हणून चुकीचं काढू?"

तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा खरं सांगितलं. नळीतून बघावं तेवढंच दिसत होतं आणि नळी अरुंद होत चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपा. त्यांना उरलेल्या नजरेत नियंत्रण कक्ष पुन्हा काढायचा होता. सगळाच्या सगळा, चाक डावीकडे ठेवून. एकोणीस शीट.

पुढचे सात महिने दर रविवारी मी तिथे होते. टेबलावर भिंगाचा दिवा, साहेबांचं नाक कागदाला टेकलेलं, नाकाला शिसं लागलेलं. एक रेघ ओढून झाली की बोटानं चाचपायचे, टोक कुठे आलं ते. टोक चुकलं की खोडायचे. मी कधी म्हटलं, मी ओढते, तर म्हणायचे, "तू पुढच्या चौकटीसाठी आहेस." मला वाटायचं, काहीतरी बोलतायत. घरात त्या दिवसांत त्यांची मुलगी नाशिकहून आली होती. तिनं मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "कशासाठी करतायत हे? एका बाईच्या बांगड्यांसाठी?" मी तिला म्हटलं, हो, एका बाईच्या बांगड्यांसाठी.

शेवटचं शीट मे महिन्यात झालं. चाकाचं. साहेबांनी 'काढले'च्या चौकटीत सही केली, मग पेन्सिल माझ्या हातात दिली आणि 'तपासले'वर बोट ठेवलं. मी तीन वेळा तपासलं. कोपऱ्यातली खूण तर पाच वेळा बघितली. वरच्या बाजूला फेरफारांचा तक्ता असतो, काय बदललं आणि का बदललं ते लिहायला. 'काय'खाली त्यांनी लिहिलं होतं, चाक डावीकडे. 'का'खाली लिहिलं होतं, नवरा दर्यावर आहे. मी खाली सही केली.

जुलैत, पुन्हा बंदीत, पुन्हा त्याच हॉलमध्ये, दुपारी तीनला खेळ झाला. खिडक्यांना माझंच ते चाळीस मीटर हिरवं कापड लावून अंधार केला होता. मासेमारी बंद, त्यामुळे सगळे दर्यावर्दी घरी. पहिल्या रांगेत साहेब, शेजारी मी. आमच्या मागे तांडेलीण, आणि तिच्या शेजारी, सिनेमाशी आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं बसलेला तिचा तांडेल. धडधाकट.

साहेबांना तोवर पडद्यावर उजेड आहे की नाही एवढंच कळत होतं. यान बोईसरातून उडालं तेव्हा हॉलमध्ये शिट्ट्या झाल्या. पंखांचे रिव्हेट चमकले. चंद्रसम्राट गरजला, "समंदर हमारा है!" आणि पोरांनी त्याला असं काही सुनावलं की खुद्द सम्राट मागे लाजून बसला. मग चाकाचं दृश्य आलं. सुजलेल्या खांद्यानं गगनतांडेल चाकाला भिडली. चाक हललं, फिरलं, आणि मागून चंद्रसम्राटाचा आवाज आला, "अरे वाह! वाल्व सही घूम रहा है, साहब. चूड़ी भी सीधी है." हिंदीत आट्यांनाही चूड़ीच म्हणतात; फिटर आटे बघत होते. साहेब म्हणाले होते तसेच बघत होते.

साहेब माझ्याकडे झुकले.

"कुठल्या हातात?" त्यांनी विचारलं.

मला उत्तर द्यायचं होतं, पण माझ्या आधी मागून तांडेलीण वाकली. तिनं आपला डावा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला, चुडा त्यांच्या कानाशी किणकिणला.

"डाव्या हातात हाय, सायब," ती म्हणाली. "आनि माझा माणूस ह्यो इथं बाजूला बसलाय."